शिंपी, छीपा, दर्जी
(हीरक महोत्सवानिमित्त मुनिरका येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दिल्लीतील आपली मुले एकाच कारागिराला घरात ‘शिंपी’, गल्लीत ‘दर्जी’ म्हणतात आणि दुकानाच्या पाटीवर ‘टेलर’ वाचतात. तीन शब्दांतला कोणता खरा, असे मूल विचारील, तर तिन्ही खरे, असेच सांगावे. मात्र प्रत्येकाचे कूळही सांगावे. ‘दर्जी’ फारसीतील, शिवणीवरून आलेला. आपल्या ‘पिंजारी’च्या मागे ‘पिंजणे’ आहे, तर हिंदीतील ‘धुनिया’च्या मागे ‘धुनना’. रंगारी इकडे रंगरेज होतो. साळी आणि कोष्टी यांना मात्र इकडे सरसकट ‘बुनकर’ म्हणतात. त्यात येवल्याची पैठणी आणि नागपूरकडचे लुगडे यांमागची वेगवेगळी घराणी दिसेनाशी होतात.

या शब्दांनी प्रवासही केला आहे. संत नामदेव आपल्याकडे शिंपी. गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची 61 पदे आहेत आणि तेथे ते स्वतःला छीप्याच्या घरी जन्मलेला म्हणवतात. छीपा म्हणजे कापडावर ठसे छापणारा. ज्या घुमाणला त्यांचा दीर्घ निवास झाला, तेथेच 2015 मध्ये 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उलट दिशेने, 1857 नंतर उत्तरेकडील विणकर कुटुंबे मालेगावात आली आणि मागांचा आवाज त्या गावाची ओळख झाला.

त्या विणकरांना उत्तरेत ‘जुलाहा’ म्हणत. कबीरांनी तो शब्द अभिमानाने मिरवला. पण इतरांच्या तोंडी तो हिणवण्याचा झाला, म्हणून अनेकांनी मोमीन, अन्सारी ही नावे स्वीकारली. येथेच शब्दप्रेमाची कसोटी लागते. व्यवसायाचे नाव जातीचे झाले की ते कोशात निरुपद्रवी दिसते, वर्गातील हजेरीत मात्र बोचू शकते. जुना शब्द जपणे हे आपले काम आहे. माणसाला तो चिकटवणे नव्हे. ज्याने स्वतःसाठी जे नाव निवडले, त्याच नावाने त्याला हाक मारावी.

पालकहो, मुलांना हे शब्द अवश्य शिकवा, आणि त्यांमागचे कष्टही. अंगावरच्या एका सदऱ्यात पिंजणारा, विणणारा, रंगवणारा, शिवणारा असे किती हात आहेत, हे मोजायला सांगा. मराठी शाळेने साठ वर्षांत आपल्याला शब्द दिले. ते कोणाचाही मान न दुखवता वापरणे, हेच त्या शिक्षणाचे ऋण फेडणे होय.