पुन्हा पहिल्या किलोमीटरापासून
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच सभागृहात मंडळाने आमचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. दक्षिण आफ्रिकेतील ‘कॉम्रेड्स’ नावाची सुमारे ८६ किलोमीटरांची शर्यत आम्ही वयाच्या ५१ व्या वर्षी पुरी करून आलो, हे त्या सत्काराचे निमित्त. त्या प्रसंगी आम्ही वीस मिनिटे बोललो. बोललो ते सारे खरे होते. परंतु जे बोलावयास हवे होते त्यातले निम्मे गिळून टाकले. यंदा चिटणिसांनी ‘तुमच्या पराक्रमाविषयी पुन्हा चार शब्द सांगा’ असा आग्रह धरला तेव्हा, गिळलेला भागच सांगू द्याल तर येतो, अशी अट आम्ही घातली. चिटणीस सद्गृहस्थ आहेत. त्यांनी ती मान्य केली.

ज्यांनी गतवर्षीचे भाषण ऐकले नाही त्यांच्यासाठी शर्यतीविषयी थोडेसे. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांच्या दरम्यान ही शर्यत होते. एका वर्षी समुद्राकडून डोंगराकडे, तर साधारणतः दुसऱ्या वर्षी उलट दिशेने. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम नावाच्या एका रेल्वे-इंजिनचालकाने १९२१ साली ती सुरू केली. त्या पहिल्या वर्षी सुरुवातीच्या रेषेवर अवघे ३४ जण उभे होते. आता हजारो असतात. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना मात्र या शर्यतीचे दार अधिकृतपणे १९७५ सालीच उघडले. तोवर ते धावत नव्हते असे नव्हे. धावत होते, पण त्यांची नोंद कोणी घेत नव्हते. ज्या पीटरमॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर १८९३ सालच्या जूनमध्ये गांधीजींना गाडीतून खाली उतरविले, तेच हे गाव. तेथे पोहोचताना हा विचार भारतीय माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

आम्ही धावलो तो दिवस ९ जून २०२४ चा आणि दिशा चढाची. समुद्रसपाटीवरून निघून मार्ग ८०० मीटरांहून अधिक उंची गाठतो. वाटेत नावाजलेल्या पाच टेकड्या लागतात, आणि ‘पॉली शॉर्ट्स’ नावाची शेवटची टेकडी माणसाचा अहंकार पार उतरविते. वेळेची मर्यादा बारा तासांची. बारा तास भरताच एक अधिकारी येणाऱ्या धावकांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. कोण चार पावलांनी हुकला हे त्यालाही दिसू नये, हा त्यामागील हेतू. आम्ही त्या बाराच्या सतरा मिनिटे आधी आत शिरलो. इतके सारे आम्ही गेल्या वर्षी सांगितले होते आणि आपण टाळ्याही दिल्या होत्या.

आता न सांगितलेला भाग.

त्या वर्षीच्या मार्चमध्येच, सिंहगडाच्या चढावर सराव करीत असता, आमच्या डाव्या टाचेच्या वरची शीर धरली होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिली दहा पावले टाकताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. परंतु या दुखण्याची एक लबाडी आहे: धावू लागले की दहा-पंधरा मिनिटांत ते विरते. आम्ही ती लबाडी हीच प्रकृती सुधारल्याची खूण मानली. किंबहुना तसे मानणे सोयीचे होते. शर्यतीची फी भरलेली, विमानाची तिकिटे काढलेली, आणि मुख्य म्हणजे गावभर सांगून झालेले. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले, “अहो, जिना उतरताना तुम्ही असे तिरके का उतरता?” आम्ही उत्तर दिले, “सवय.”

शर्यतीच्या दिवशी निम्म्या वाटेवर, ड्रमंड या गावापाशी, आम्ही खिशातून आणलेल्या दोन वेदनाशामक गोळ्या घेतल्या. घेऊ नयेत, असे आयोजकांनी बजावले होते. लांबच्या शर्यतीत शरीरातील पाणी कमी झालेले असते आणि अशा वेळी या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ आणखी घटवितात. त्यातून मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे आहेत. आम्हांस काही झाले नाही, हे आमचे दैव. परंतु मंडळाने ज्या जिद्दीचे कौतुक केले तिच्यात त्या दोन गोळ्यांचाही वाटा होता, आणि हे त्या दिवशी हार गळ्यात असताना सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

परत आल्यावर दोन आठवडे विश्रांती घेतली आणि धावावयास गेलो. दुसऱ्या दिवशी टाच जमिनीला टेकवेना. मग दीड महिना विश्रांती, पुन्हा धावणे, पुन्हा तेच. असे तीनदा झाले. डिसेंबरात या व्यासपीठाच्या चार पायऱ्या आम्ही कठड्याला धरून चढलो, तेव्हा आपल्यापैकी काहींना ते नम्रतेचे लक्षण वाटले असे मागाहून कळले!

धावणे थांबल्यावर माणसाचे काय होते, हे न धावणाऱ्याला समजाविणे कठीण आहे. पहाटे पाचला जाग येई. गजर लावला नसला तरी येई. गेली अकरा वर्षे ज्यांच्यासमवेत पर्वतीच्या पायथ्याशी सकाळ घालविली ती मंडळी त्या वेळी बूट बांधीत असतील, हा विचार छळी. काही दिवस चिडचिड झाली. पुढे पुढे त्या मंडळींचे निरोपही वाचावेसे वाटेनात. वस्तुतः त्यांनी काय अपराध केला होता?

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. वयाने आमच्या कन्येएवढी. तिने पोटरी दाबून पाहिली, एका पायावर उभे करून टाच उचलावयास सांगितली. उजव्या पायाने आम्ही बावीस वेळा उचलली. डाव्याने सातव्या वेळेस पाय थरथरू लागला. ती म्हणाली, “काका, तुम्ही विश्रांती घेतलीत ना, ती फार चांगली घेतलीत. पोटरी सगळी झोपली आहे.”

आपण जिला सरसकट शीर म्हणतो ती वास्तविक कंडरा. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा हा दोर शरीरातील सर्वांत जाड व बळकट. धावताना त्याच्यावर देहाच्या वजनाच्या सहा-आठ पट ओढ पडते. परंतु त्याला रक्ताचा पुरवठा बेताचा, आणि म्हणून त्याची दुरुस्ती अत्यंत संथ. याविषयी डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. १९५० च्या दशकापासून पुढे झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणात जो किरणोत्सर्गी कार्बन वाढला होता, त्याचा माग त्यांनी माणसांच्या कंडरेत काढला. तेव्हा असे दिसले की, कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळजवळ बदलतच नाही. म्हणजे आमचा गाभा १९९० च्या सुमारास घडला, आणि त्याच्यावर आम्ही २०२४ साली ८६ किलोमीटर लादले!

अशा दुखण्यात प्रामुख्याने दाह नसतो. तंतूंची वीण विस्कटलेली असते. त्यामुळे गोळीने वेदना झाकते, वीण सुधारत नाही. नुसत्या विश्रांतीनेही नाही. कारण दोराला ओढ मिळाली तरच तो सुधारतो, मात्र ती मोजून मिळावी लागते. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन या शल्यविशारदाने १९९८ साली यावर एक व्यायाम प्रसिद्ध केला. त्याची कथा मोठी गमतीची सांगतात. त्याची स्वतःचीच टाच दुखत होती, वरिष्ठांनी शस्त्रक्रिया करण्यास नकार दिला. तेव्हा, शीर तुटली तर शस्त्रक्रिया करावीच लागेल, या हिशेबाने त्याने पायरीवर उभे राहून टाचेवर जबर भार घ्यावयास आरंभ केला. शीर तुटली नाही, बरी झाली.

तो व्यायाम असा. पायरीच्या कडेवर चवडे टेकवावेत, चांगल्या पायाने वर उचलावे आणि दुखऱ्या पायाने टाच हळूहळू पायरीच्या खाली उतरवावी. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, गुडघा वाकवून पंधराचे तीन फेरे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. पुढे पुढे पाठीवर ओझे घेऊन. आम्ही आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील जिन्यात पाठीवरच्या पिशवीत दहा किलो तांदूळ घेऊन हे करीत असू. शेजारचे आजोबा रोज विचारीत, “रेशन आणलेत की परत करायला निघालात?” ८४ दिवसांत पंधरा हजारांहून अधिक वेळा टाच खाली गेली. कॉम्रेड्सला बघ्यांची दुतर्फा गर्दी असते. जिन्यात कोणी नसते. कोणते कठीण होते असे विचाराल, तर आमचे उत्तर जिना हे आहे.

याच काळात ती गोष्ट घडली जिच्यामुळे आज आम्ही येथे उभे आहोत. मे महिन्यात एका साखरपुड्यात आपल्या ज्ञातीतील एक भगिनी भेटल्या. त्यांचा मुलगा गेल्या वर्षीचे आमचे भाषण ऐकून धावू लागला होता. आठवड्याला वीस किलोमीटरांवरून तीन आठवड्यांत साठांवर गेला, नडगी दुखू लागली तरी थांबला नाही, आणि मार्चमध्ये हाडाला बारीक चीर गेल्याचे निघाले. त्या रागावल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होतात ना भाऊ, दुखणं मनाचं असतं, तो तेच धरून बसला.”

हे वाक्य आम्ही खरोखरच बोललो होतो. टाळ्याही त्याच वाक्याला पडल्या होत्या. स्वतः कठड्याला धरून व्यासपीठावर चढलेल्या माणसाने ते उच्चारावे, याला काय म्हणावे? दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाकडे गेलो आणि आज येथे सांगितले ते सर्व त्याला सांगितले, गोळ्यांसकट. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारले ते एवढेच: “काका, मग आता तुम्ही किती पळता?”

त्या वेळी आमचे उत्तर होते: एक मिनिट. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे दहा वेळा. आणि तेही एक दिवस आड, कारण भार पडल्यावर पहिला दिवस-दीड दिवस कंडरेत घडण्यापेक्षा मोडणेच अधिक चालते. वेदनेला शून्य ते दहा असे गुण द्यावयाचे. पाचपर्यंत चालतील, परंतु दुसऱ्या सकाळी ती पूर्ववत झालीच पाहिजे, न झाल्यास मागच्या पायरीवर यावयाचे. हीही स्वीडनमधीलच पद्धत. आम्ही एक वही घातली. तीत जुलैमध्ये दोनदा आणि सप्टेंबरात एकदा आम्ही मागे आलो असल्याची नोंद आहे. पूर्वी अशा दिवशी आम्ही हट्टाने आणखी दोन किलोमीटर धावलो असतो.

८ जून २०२५ रोजी कॉम्रेड्स पुन्हा झाली. आम्ही ती घरी बसून पडद्यावर पाहिली. शेवटचा बार झाला तेव्हा सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले आणि न बोलता चहा ठेवावयास गेल्या.

गेल्या रविवारी आम्ही १२ किलोमीटर धावलो, सलग, एक तास चाळीस मिनिटांत. पूर्वी हे अंतर आम्ही सव्वा तासात कापीत असू. सोमवारी सकाळच्या वेदनेला वहीत एक गुण आहे. तो मुलगाही अस्थिरोगतज्ज्ञांच्या अनुमतीने आता धावू लागला आहे. आज तो या सभागृहात आहे, नाव सांगू नका असे त्याने बजावले आहे. आम्ही दोघे मंगळवारी व शनिवारी सकाळी सहाला पर्वतीच्या पायथ्याशी असतो. वेग इतका मंद असतो की फिरावयास आलेल्या भगिनी आम्हांस मागे टाकून जातात. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे. मात्र वही आणि पेन्सिल बरोबर आणावी. चिटणीस मघापासून घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आम्ही खाली उतरतो. यंदा कठडा न धरता.