हळद, पेवं आणि प्राध्यापक फामा



स्वागत समितीच्या वतीनं बोलतोय. मी हळदीचा अडत्या. वित्तशास्त्राशी माझा संबंध व्याज भरण्यापुरता. या परिषदेचा विषय प्राध्यापक युजीन फामा यांचं संशोधन आहे असं कळलं, तेव्हा लेकीकडून शिकवणी घेतली. गृहस्थ आधी फ्रेंच शिकले, मग शिकागोत वित्तशास्त्राकडे वळले. १९६३ पासून तिथंच शिकवलं, २०१३ साली नोबेल मिळालं. उपलब्ध माहिती भावात आधीच उतरलेली असते, असं ते म्हणतात. आमच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. ‘बाबा, तो रंगच भावात उतरतो,’ असं लेकीचं म्हणणं.

सांगली म्हटलं की आपल्याला विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं नाटक आठवतं. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथल्या हरिपूरचे, तेही आठवतात. त्याच हरिपूरच्या पेवांना मात्र कुणी हार घालत नाही! कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत खोल खणलेली ही कोठारं. अरुंद तोंड, खाली ऐसपैस पोट. हळद त्यात वर्षानुवर्षं टिकायची, किडीची भीती नाही. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. तो विझला तर वर थांबायचं. माझे आजोबा वातीकडे टक लावून बसायचे. २००५ च्या महापुरात बहुतेक पेवं गेली. ते दुःख अजून सरत नाही.

फामांनी १९८७ मध्ये केनेथ फ्रेंच यांच्यासोबत साठवणुकीचा सिद्धान्त तपासला. आजचा भाव आणि पुढच्या वायद्याचा भाव यांत फरक का? अडकलेल्या पैशाचं व्याज, साठवणीचा खर्च, आणि त्यातून माल हाताशी असण्याची सोय वजा. अहो, आजोबांचा हिशेब हाच! एकवीस वस्तू तपासल्या म्हणे. त्यात हळद नाही. असो.

व्यवस्थेत उणिवा आहेत. ऐन लग्नसराईत खोल्या मिळेनात, काहींना तिघांत एक खोली. ध्वनिक्षेपक मघापासून कुरकुरतोय. पोटात घ्या. मंडप, भोजन, गाड्या देणाऱ्या व्यापारीबंधूंनी, गूळवाल्यांनी, द्राक्ष बागायतदारांनी ‘नाव घेऊ नका’ असं बजावलंय, म्हणून घेत नाही. पण ते सगळे पहिल्या रांगेत बसलेत.

उद्या सकाळी साडेसहाला हरिपूरची गाडी फाटकापाशी लागेल. कंदील मी आणतो.