एका मजल्यावर वीस दारं

खोली जेमतेम 160 चौरस फुटांची, मजल्यावर अशा 20 खोल्या आणि संडास सगळ्यांत सामायिक! मुंबईच्या बीडीडी चाळींची ही रचना. इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं 1920च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला अशा 207 इमारती बांधल्या.

इथं कोकणातले, घाटावरचे गिरणी कामगार राहिले, तेलुगू बोलणारे विणकर राहिले, पोलीसही राहिले. दारं दिवसभर सताड उघडी. रात्रपाळी करून आलेला माणूस आत झोपलेला असायचा, म्हणून शेजारची पोरं चेंडू घेऊन व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला जायची. बोंबलाचा वास कुणाच्या घरातला, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक. रिकामी वाटी सहसा परत जात नसे. तिच्यात काहीतरी असायचंच.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं, असं मात्र नाही. जानेवारी 1974मध्ये याच वरळीच्या चाळींत सवर्ण आणि दलित शेजाऱ्यांमध्ये दंगल पेटली. चाळीच्या आठवणी सांगताना हे पान बहुतेक जण गाळतात.

आता या चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट 2025मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. संडास अर्थातच ज्याचा त्याच्या घरात.