पांडुरोगी कुत्र्याची शुश्रूषा

मुका जीव आपलें दुखणें सांगूं शकत नाहीं. तें पाहणाऱ्यानें ओळखावें लागतें. काल दाराची घंटा वाजतांच धांवत येणारा कुत्रा आज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसकण मारतो, थोड्याशा श्रमानें धापा टाकतो, अन्नाला तोंड लावीत नाहीं. त्याचा ओठ वर करून पाहिला, तर एरव्हीं गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळसर दिसतात. लघवीचा रंगहि गडद तांबूस झालेला असतो. अशा वेळीं घरगुती उपचारांत एक दिवसहि न घालवितां पशुवैद्याकडे जाणें अवश्य आहे.

पांडुरोग अनेक कारणांनीं होतो. त्यांपैकीं एक प्रकार मोठा विचित्र आहे. जंतूंचा नाश करणारी शरीराची प्रतिकारशक्तीच रक्तांतील तांबड्या पेशींना परक्या समजून त्यांचा संहार करूं लागते. कुंपणानेंच शेत खावें, तसा हा प्रकार होय. अशा पेशींना चिकटलेलीं प्रतिद्रव्यें ओळखण्याची कसोटी १९४५ सालीं केंब्रिज येथील रॉबिन कूम्ब्स व त्यांचे दोन सहकारी यांनीं प्रसिद्ध केली. माणसांच्या इस्पितळांत आज नित्य वापरली जाणारी ही कसोटी शोधणारे कूम्ब्स शिक्षणानें पशुवैद्य होते! आपल्याकडे गोचिडांच्या दंशानें रक्तांत शिरणारे बाबेशिया नांवाचे सूक्ष्म जीवहि हा रोग उत्पन्न करतात. म्हणून वैद्य प्रथम त्यांचा शोध घेतात. पुष्कळदां मात्र कांहींच कारण सांपडत नाहीं.

उपचाराचे पहिले दोन आठवडे कसोटीचे असतात. रक्त फारच उतरलें, तर दुसऱ्या कुत्र्याचें रक्त द्यावें लागतें. त्यानें रोग बरा होत नाहीं, पण औषधाला काम करण्यास अवधि मिळतो. या काळांत रक्ताच्या गुठळ्या होऊन फुप्फुसांत अडकण्याचें भय मोठें असतें. श्वास एकाएकीं लागला, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गांठावा. सर्व प्रयत्न करूनहि कांहीं रोगी वांचत नाहींत. त्याबद्दल घरच्या माणसांनीं स्वतःस दोष देणें योग्य नव्हे.

मुख्य औषध प्रेडनिसोलोन. तें उफाळलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालतें. परंतु त्यामुळें तहान, भूक व लघवी तिन्ही वाढतात. शिकविलेला कुत्राहि घरांत लघवी करतो. त्याला रागावूं नये आणि पाणी तर मुळींच तोडूं नये; भांडें सदैव भरलेलें ठेवावें व रात्रीं एकदां अधिक बाहेर न्यावें. गोळी अन्नाबरोबर द्यावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याला कदापि देऊं नयेत. त्यांपैकीं कित्येकांनीं जठरांत व्रण होतात, तर पॅरासिटामोलनें रक्तपेशींचीच हानि होते. कांदा व लसूण यांनींहि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आमटीभात किंवा रस्सा वर्ज्य समजावा. जंतूंशीं झुंजण्याचें बळ कमी झालेलें असल्यामुळें आजारी कुत्र्यांपासून त्याला दूर ठेवावें. लस वैद्याच्या सल्ल्यावांचून टोंचूं नये.

खरी परीक्षा पुढेंच असते. तीन-चार आठवड्यांत हिरड्यांवर रंग चढतो, शेंपूट हलूं लागतें, आणि घरांतील वडील माणूस म्हणतें, "आतां कशाला हीं जहाल औषधें? बरा झाला कीं!" येथेंच घात होतो. वरून दिसणारी सुधारणा औषधाच्या बळावर उभी असते. तें एकदम तोडलें, तर रोग पुन्हा उलटतो. शिवाय औषधामुळें मंदावलेल्या मूत्रपिंडावरील ग्रंथी जागेवर न आल्यानें कुत्रा कोसळूं शकतो. निरोगी कुत्र्याची तांबडी पेशी सुमारें ११० दिवस जगते. त्या मानानें चार आठवडे कांहींच नव्हेत. रक्त तपासून, दर दोन-तीन आठवड्यांनीं मात्रा साधारण चतुर्थांशानें उतरवीत गेल्यास सर्व उपचारास बहुधा तीन ते सहा महिने लागतात. मात्रा केव्हां व किती उतरवावयाची, हें वैद्यानेंच ठरवावें.

यासाठीं एक साधी वही पुरे. औषध देण्याचें काम एकाच व्यक्तीकडे असावें. नाहीं तर एके दिवशीं दोघे देतात व दुसऱ्या दिवशीं कोणीच देत नाहीं. वहींत तारीख, मात्रा, खाणें, हिरड्यांचा रंग व झोंपेंतील एका मिनिटाचे श्वास लिहावे. श्वास वरचेवर तिसांच्या वर जाऊं लागले किंवा हिरड्या पुन्हा फिकट दिसल्या, तर ती वही घेऊन लगेच वैद्याकडे जावें. घरांतील शाळकरी मुलांवर ही नोंद सोंपविण्यास हरकत नाहीं. श्वास मोजणें त्यांना चांगलें जमतें. औषध संपल्यावरहि कांहीं महिने महिन्यांतून एकदां रक्त तपासून घ्यावें, आणि गोचिडांचा बंदोबस्त मात्र त्याच्या जन्मभर चालूं ठेवावा.