बोरघाटांतील लुप्त स्थानक

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या गाडीला कर्जत येथें मागून जादा इंजिनें जोडतात, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पण 1929 पूर्वींच्या प्रवाशांस याच घाटांत आणखी एक थांबा घडे. आतां तो कोणत्याहि वेळापत्रकांत सांपडावयाचा नाहीं. तें रिव्हर्सिंग स्टेशन. खंडाळ्याच्या अलीकडे डोंगराच्या सोंडेवर गाडी येऊन थांबे. पुढें मार्ग नाहीं! मग इंजिन सोडून तें दुसऱ्या टोकास लावीत, आणि गाडी उलट दिशेनें वर चढूं लागे. शेवटच्या डब्यांतला उतारू क्षणांत पहिला होई. चढ कांहीं ठिकाणीं सदतिसांत एक इतका खडा, आणि अशा डोंगरांत मोठें वळण घेण्यास जागा नाहीं. यावर काढलेली ही तोड.

तत्पूर्वींची स्थिति याहून बिकट होती. 1856 सालीं लोहमार्ग खोपोलीस पोंचला, 1858 सालीं खंडाळा ते पुणें गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र पालखींतून वा तट्टावरून ओलांडावा लागे. पुढें 21 एप्रिल 1863 रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्तें घाटमार्गाचें उद्घाटन झालें, आणि हमरस्त्यावरचें खोपोली शाखेचें टोंक होऊन बसलें.

त्या मार्गासाठीं 25 बोगदे खणले गेले. 1861 सालीं घाटांत सुमारें 42,000 मजूर राबत होते. मजुरी थकल्यामुळें 1859 च्या आरंभीं त्यांनीं दंगाहि केला, व त्याच वर्षीं फॅव्हिएल नांवाच्या कंत्राटदारानें काम सोडलें. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथें येऊन थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तें काम निष्णात अभियंत्यांकरवीं तडीस नेलें. तिचें नांव इतिहासांत राहिलें, तें योग्यच! पण पटकीनें व तापानें जे हजारों मजूर त्या उतारांवर मेले, त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत, आणि त्यांच्या झोंपड्यांचा मागमूसहि उरला नाहीं. स्थानक निदान दगडाचें होतें.

1929 सालीं विजेच्या गाड्या आल्या. नवे बोगदे खणून मार्ग थेट वर नेला गेला, आणि इंजिन फिरविण्याचें प्रयोजनच संपलें. ज्याच्यावांचून पुणें गांठतां येत नव्हतें, तें स्थानक एका हंगामांत निरुपयोगी ठरलें. त्याच परिसरांतला, द्रुतगति मार्गावर उभा असलेला जुना अमृतांजन पूल एप्रिल 2020 मध्यें, टाळेबंदीमुळें रस्ता ओस असतां, सुरुंग लावून पाडण्यांत आला.