खाकीचा हक्क आणि पालावरचा आरोपी



हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांनी पोलिसांच्या हक्कांविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मोर्चात तुमच्या पाठीवर काठी कोणाची पडली, असेही कोणी विचारील. पोलिसाचीच पडली. परंतु काठी धरणारा हातही पगारी माणसाचाच असतो, हे आम्हां चळवळवाल्यांनी फारसे मनावर घेतलेले नाही.

मुंबई पोलीस कायदा 1951 सालचा. आता त्यास महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याचे 28 वे कलम सांगते की, पोलीस हा सदैव कामावर आहे असे समजावे. सदैव! आमच्या हमालास पोत्याचे वजन ठरवून मागता येते. शिपायास आपले तास ठरवून मागता येत नाहीत. घटनेच्या 33 व्या कलमाने संसदेस अधिकार दिला आणि 1966 साली कायदा झाला. परवानगीवाचून पोलीस कामगार संघटनेत गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

1982 साली मुंबईत गिरणी कामगारांचा संप चालू असताना पोलिसांचीही संघटना उभी होती. कामाचे तास, घरे, वरिष्ठांची वागणूक, अशा साध्याच तक्रारी. स्वातंत्र्यदिनी पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. 18 ऑगस्टला पुढाऱ्यांची धरपकड झाली, शहरात दंगल उसळली, लष्कर आले. संघटनेची मान्यता गेली, कित्येकांची नोकरी गेली. त्या दिवशीच्या जाळपोळीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण पुढे 2016 साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी प्रथम करून पाहिली, तेव्हा तिचा आराखडा एका साध्या शिपायानेच मांडला होता. विचारले तर शिपायाला सांगता येते, एवढे त्यावरून कळते. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना आहे. तेथे राज्य काही बुडाले नाही.

आता दुसरी बाजू. अंगावर झोप, वरून तगादा, गुन्हा मोठा आणि गावाला आरोपी हवा. अशा वेळी पावले कोठे वळतात? गावाबाहेरच्या पालाकडे. इंग्रजांनी 1871 साली जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुना संशय नव्या वहीत उतरला. पारध्याचे पोर जन्मते तेच संशयित म्हणून.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जून 2003 मध्ये भोकरदन भागात शेतवस्तीवर एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. ऐकून अंगावर काटा यावा असा गुन्हा. भटक्या जमातीतील सहा मजूर पकडले गेले. 2006 साली खालच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. तर सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. आणि 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले! वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या छायाचित्रांतून चार निराळीच माणसे ओळखली होती. त्यांच्यावर खटलाच झाला नाही. हे आरोपी गरीब, भटके. त्यांना खोटेच गोवले असण्याचा संभव न्यायालयाने बोलून दाखविला. प्रत्येकी पाच लाख रुपये द्या, असा हुकूम झाला. सोळा वर्षांचे पाच लाख! मजुरीचा हिशेब आमच्या धंद्याचा आहे. तो आम्ही करून पाहिला. दिवसाला शंभर रुपयेदेखील पडत नाहीत. आणि खरे गुन्हेगार? त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नये.

तपासात चुकलेले अधिकारी शोधावेत, ते अजून नोकरीत असतील तर त्यांच्यावर खात्यामार्फत कारवाई करावी, असेही न्यायालयाने सांगितले. येथेच आमच्यासारख्याची खरी परीक्षा आहे. संघटना म्हणजे आपल्या माणसाला पाठीशी घालणे, असा समज आमच्यातही आहे. आम्हांस तो मान्य नाही. घटनेच्या 311 व्या कलमाप्रमाणे बडतर्फ करण्यापूर्वी चौकशी व्हावी, आरोप लेखी द्यावेत, म्हणणे ऐकावे. अपवादाने ती चौकशी टाळता येते. तो अपवाद शिपायाविरुद्ध सैलपणे वापरू नये, यासाठी आम्ही भांडू. परंतु ज्याने पुरावा दडविला, त्याची चौकशीच होऊ नये, यासाठी कोणी आमची सही मागितली, तर ती मिळणार नाही. लेखी आरोप आणि म्हणणे मांडण्याची संधी शिपायाला हवी, तशी पालावरच्या माणसालाही हवी.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या परभणीत काय घडले ते आपण जाणता. वडार समाजातील, कायदा शिकणारा एक तरुण कोठडीत मरण पावला, आणि गुन्हा नोंदवा म्हणून सांगण्यास 2025 च्या जुलैत उच्च न्यायालय लागले. त्या प्रकरणाचा निवाडा व्याख्यानाच्या व्यासपीठावरून करणे बरोबर नव्हे. मात्र त्या बंदोबस्तावर किती तास उभे होते, कोणाचा हुकूम कोणी पाळला, हे उघडपणे सांगण्याची सोय एखाद्या शिपायाला असती, तर सत्य लवकर बाहेर येण्यास मदतच झाली असती, असे आम्हांस वाटते. आज तोंड उघडणाऱ्याच्या मागे उभे राहणारे कोणी नाही.

म्हणून आमची मागणी जोडीने आहे. शिपायाला संघटना द्या, संपाचा हक्क वगळून का होईना. बेकायदा हुकूम नाकारणाऱ्यास बदलीपासून संरक्षण द्या. आणि पालावरून माणूस उचलला, की पहिल्याच दिवशी त्याला सरकारी खर्चाने वकील मिळतो की नाही, हे पाहण्यास गावातील दोन माणसे ठाण्यात जाऊ द्या. पारध्यासाठी ठाण्याची पायरी चढण्यास ताडकळसमधून कोण तयार आहे, ते सभा संपल्यावर आम्हांस येऊन भेटावे. कागद-पेन आम्ही आणले आहे.