सुक्याबरोबर ओले

ज्या गावात यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्या माणसांनी एकमेकांची घरे जळताना पाहिली आहेत, त्या आमच्या भिवंडीत ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण कोणाला समजावून सांगावी लागत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली, तेव्हा आगीत होरपळलेल्यांच्या जोडीला पोलिसी तपासाच्या कागदांत गोवले गेलेले निरपराधही त्या दप्तरात आढळले.

वकिलीत आयुष्य गेल्यामुळे म्हणा, धर्मग्रंथ वाचतानाही कलमे ताडून पाहण्याची खोड मला जडली आहे; एकाच्या दोषाची शिक्षा दुसऱ्याला का, हा प्रश्न तेथेही भेटतो. बायबलच्या जुन्या करारात ‘निर्गम’ पुस्तकाच्या २०व्या अध्यायात, ज्या दहा आज्ञांचा जगभर एवढा दबदबा आहे त्यांतच, वडिलांच्या अपराधाचे शासन देव तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या मुलांना करतो असे म्हटले आहे. आणि त्याच मोशेच्या नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ पुस्तकाच्या २४व्या अध्यायात बापाबद्दल मुलाला अथवा मुलाबद्दल बापाला देहान्त शासन होऊ नये, असा रोखठोक हुकूम आहे.

विरोध उघड आहे. परंतु हुकूम कोणाच्या नावे निघाला, हे कायदा वाचणारा प्रथम पाहतो. पहिल्या ठिकाणी देव स्वतःच्या अखत्यारीविषयी बोलतो. दुसरा हुकूम वेशीवर बसून निवाडा करणाऱ्या मुनसफाला आहे. त्याला नजीरही सापडते: यहूदाचा राजा अमस्या याने बापाच्या मारेकऱ्यांना ठार केले, पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही, आणि राजांच्या इतिहासाचा लेखक त्याचे कारण म्हणून नेमके हेच कलम पुढे ठेवतो. देवाने स्वतःकडे राखलेला अधिकार मनुष्याने हिरावून घेतला म्हणजे काय होते, हे आपल्या देशाने १८७१पासून १९५२पर्यंत पाहिले आहे. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली मूल पाळण्यात असतानाच संशयिताच्या वंशात मोजले जाई, आणि ८१ वर्षे म्हणजे तीन-चार पिढ्याच झाल्या! सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील या जमातींच्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. त्या मंडळींच्या मेजावर ‘अनुवाद’ पुस्तक खचितच असेल.

येथवर माझी कैफियत सुरळीत चालते. पुढे यहेज्केल संदेष्टा ती मोडून काढतो. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि दात मात्र मुलांचे आंबले, अशी एक म्हण इस्राएलात रूढ होती. ही म्हण यापुढे तोंडातून काढू नका, असे त्याच्या १८व्या अध्यायात खुद्द देवच बजावतो. ज्याने पाप केले त्यालाच मरण. पापात वाटा घ्यायला वाल्याच्या बायकामुलांनी नकार दिला होता, ते आपल्याला ठाऊक आहे. येथे वाटणीच परमेश्वराने रद्द केली. तेव्हा देवाचा दरबार निराळा आणि मुनसफाची कचेरी निराळी, ही माझी विभागणी टिकत नाही.

आणि तरीही रिस्पा राहतेच. दावीद राजाच्या काळी तीन वर्षे दुष्काळ पडला. आधीचा राजा शौल याने गिबोनी लोकांची हत्या केली होती, हे त्याचे कारण देवाने सांगितले. बदला म्हणून सात माणसे मागितली ती गिबोन्यांनी, आणि दाविदाने शौलाचे सात वंशज त्यांच्या हवाली केले. सातूच्या कापणीच्या आरंभी त्यांना डोंगरावर टांगण्यात आले. त्यांतील दोघांची आई रिस्पा खडकावर गोणताट अंथरून आकाशातून पाऊस पडेपर्यंत बसून राहिली. दिवसा पाखरे, रात्री श्वापदे हाकलीत.

ही वार्ता कानी आल्यावर दाविदाने शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या अस्थी याबेश-गिलादहून आणविल्या, टांगलेल्यांच्या अस्थीही गोळा करविल्या, आणि शौलाचा बाप कीश याच्या कबरेत त्यांचे दफन झाले. त्यानंतर देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, असे तेथे लिहिले आहे. सातांना टांगल्याच्या वाक्यापाशी नव्हे, दफनाच्या वाक्यापाशी. हा क्रम लेखनिकाच्या हातून सहज पडला की जाणून ठेवला, एवढा मुद्दा मी तहकूब ठेवतो.